भीती वाटते, पण इंग्रजीत सांगायची कशी?

वीस वर्षांपूर्वी पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये मला नोकरी लागली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हेडफोनमधून एक इंग्रज आजोबा म्हणाले, 'आय ॲम अफ्रेड आय विल हॅव टू कॅन्सल.' आवाज थकलेला होता. मी मायेनं म्हटलं, 'डोन्ट बी अफ्रेड, सर.' पलीकडे दोन क्षण शांतता. मग आजोबा हसले आणि म्हणाले, 'नो, नो, आय जस्ट वॉन्ट टू कॅन्सल.' शेजारच्या खुर्चीवरच्या पोरानं तो किस्सा चहाच्या वेळेपर्यंत अख्ख्या मजल्यावर पोचवला होता.

आजोबा अजिबात घाबरलेले नव्हते. 'माफ करा, पण मला रद्द करावं लागेल' एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मी मात्र शाळेत 'अफ्रेड म्हणजे घाबरलेला' असं पाठ केलेलं होतं.

आता मी नाशिकला शनिवार-रविवार इंग्रजी बोलायला शिकवते. वर्गात मुलाखतीची तयारी करणारी मुलं असतात, नातवंडांसाठी परदेशी निघालेल्या आज्या असतात. भीतीच्या शब्दांवर दोघंही सारखेच अडखळतात. म्हणून ज्या क्रमानं वर्गात शिकवते, त्याच क्रमानं इथे लिहिते आहे.

पहिली पायरी : वाक्य फिरवून घ्या

शब्द नंतर, आधी वाक्याचा सांगाडा. मराठीत भीती बाहेरून येते आणि आपल्याला गाठते. भीती वाटते, धडकी भरते, धसका बसतो, पोटात गोळा येतो. या सगळ्यांत करणारी भीती, आणि आपण नुसते 'मला', 'त्याला', 'आईला'. इंग्रजीत उलट आहे. तिथे माणूस पुढे उभा राहतो आणि 'मी या अवस्थेत आहे' असं सांगतो. म्हणून सुरुवात 'आय ॲम'नं करायची.

'मला कुत्र्याची भीती वाटते' याचं रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी 'आय ॲम स्केअर्ड ऑफ डॉग्ज' किंवा 'आय ॲम अफ्रेड ऑफ डॉग्ज'. वर्गात पहिल्या दिवशी मला हमखास ऐकू येतं ते 'आय फिअर डॉग', 'आय ॲम हॅविंग फिअर', आणि एकदा तर 'फिअर इज कमिंग टू मी'. शेवटचं वाक्य मराठी म्हणून झकास आहे, पण इंग्रज माणसाला वाटेल की फिअर नावाचं कोणीतरी भेटायला येतंय.

'फिअर' हे क्रियापद चुकीचं नाही, पण त्याचा बाज जड आहे. भाषणात, बातमीत, कायद्याच्या मसुद्यात ते शोभतं. घरात उंदीर निघाल्यावर कोणी 'आय फिअर माइस' म्हणत नाही.

आणखी एक बारकावा. मराठीत 'कुत्र्याची भीती' म्हणताना कुत्रा एकवचनी असला तरी सगळी कुत्री आली. इंग्रजीत सगळ्यांबद्दल बोलायचं तर 'डॉग्ज', आणि समोरच्या त्या एकाबद्दल बोलायचं तर 'द डॉग' किंवा 'युअर डॉग'. नुसतं 'डॉग' लटकत ठेवायचं नाही.

अफ्रेड, स्केअर्ड, फ्रायटन्ड हे तीन शब्द बरेचसे अदलाबदलीचे आहेत. स्केअर्ड बोलीतला, सर्वात मोकळा. फ्रायटन्ड थोडा नीटनेटका. अफ्रेडला एक खोड आहे, तो नामाच्या आधी बसत नाही. 'द चाइल्ड इज अफ्रेड' चालतं, 'ॲन अफ्रेड चाइल्ड' चालत नाही. तिथे 'अ फ्रायटन्ड चाइल्ड' म्हणायचं. याचं कारण त्याच्या जन्मात आहे. 'अफ्रे' नावाचं एक जुनं क्रियापद होतं, घाबरवणे या अर्थाचं. ते वापरातून गेलं आणि त्याचं 'घाबरवलेला' हे रूप तेवढं मागे राहिलं. त्याचा सख्खा भाऊ आपल्या ओळखीचा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 159 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या मारामारीला जो 'अफ्रे' शब्द होता, तो हाच.

दुसरी पायरी : शेपटाकडे लक्ष

मराठीत आपण कुत्र्या*ला* घाबरतो, कुत्र्या*ची* भीती वाटते, कुत्र्या*पासून* धोका असतो. या तीन प्रत्ययांमुळे मुलांच्या तोंडी 'अफ्रेड टू डॉग', 'अफ्रेड फ्रॉम डॉग' येतं. ज्याची भीती वाटते त्याच्या आधी 'ऑफ' घाला. हे एवढं पक्कं झालं की निम्मी लढाई जिंकली.

'फॉर' आला की मात्र अर्थ पार बदलतो. 'आय ॲम अफ्रेड ऑफ माय सन' म्हणजे मला मुलाचीच भीती वाटते, तो मारकुटा असावा. 'आय ॲम अफ्रेड फॉर माय सन' म्हणजे मुलाला काही होईल की काय, अशी काळजी वाटते. माझ्या वर्गातल्या एक बाई मुलाच्या शिक्षिकेशी इंग्रजीत बोलताना पहिलं वाक्य म्हणून बसल्या होत्या. शिक्षिका फार गंभीर झाल्या आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारू लागल्या.

क्रियापद जोडायचं तर दोन वाटा आहेत. 'आय वॉज अफ्रेड टू क्रॉस द रोड' म्हणजे रस्ता ओलांडायची हिंमत होईना. 'आय वॉज अफ्रेड ऑफ फॉलिंग' म्हणजे पडेन की काय असं वाटत होतं. जी गोष्ट आपण मुद्दाम करणार असतो तिला 'टू', आणि जी नको असताना आपल्यावर येऊन आदळेल तिला 'ऑफ'. ही फूटपट्टी शंभरातल्या शंभर वेळा लागत नाही, पण नवशिक्याला पुरते.

मराठीतलं 'या भीतीनं' किंवा 'उगाच कुठे…' हवं असेल तर 'फॉर फिअर ऑफ'. बाळ उठेल या भीतीनं ती हळू बोलली : 'शी स्पोक सॉफ्टली फॉर फिअर ऑफ वेकिंग द बेबी.'

तिसरी पायरी : घाबरलेला कोण, घाबरवणारं कोण

'सर, आय ॲम व्हेरी स्केअरी.' मुलाखतीच्या सरावात एक मुलगा हे म्हणाला. सव्वापाच फूट उंची, घामानं भिजलेला शर्ट, हातात फाईल. तो म्हणाला ते असं झालं : 'सर, मी फार भयानक दिसतो.'

स्केअर्ड म्हणजे घाबरलेला, स्केअरी म्हणजे भीतिदायक. फ्रायटन्ड आणि फ्रायटनिंग, टेरिफाइड आणि टेरिफाइंग, सगळ्या जोड्या अशाच. मनात आधी मराठीत विचारा : घाबर*लेला* की घाबर*वणारा*? 'लेला' असेल तर शेवटी 'ड', 'वणारा' असेल तर 'इंग' किंवा 'ई'.

'घाबरलो' आणि 'घाबरलो होतो' यांतला फरकही इथेच घ्या. आवाज झाला आणि मी घाबरलो, ही घटना झाली : 'आय गॉट स्केअर्ड.' रात्रभर मी घाबरलेलो होतो, ही अवस्था झाली : 'आय वॉज स्केअर्ड ऑल नाइट.'

टाइप करताना सांभाळा. स्केअर्डच्या स्पेलिंगमध्ये सी आणि ए यांची जागा बदलली की 'सेक्रेड' होतं, म्हणजे पवित्र. 'आय ॲम सेक्रेड' असा मेसेज मला वर्षातून दोनदा तरी येतो आणि मी मनोमन नमस्कार करते. एका आरऐवजी दोन पडले तर 'स्कार्ड', म्हणजे व्रण पडलेला. फोन यातला एकही शब्द लाल करत नाही, कारण तिन्ही खरे आहेत.

चौथी पायरी : भीती कधीची?

इथे जरा रेंगाळू, कारण शब्द निवडण्याचं खरं काम इथे आहे. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून काही होत नाही. त्यापेक्षा स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : ज्याची भीती वाटते ते घडून गेलंय, आत्ता घडतंय, की घडणार आहे?

*एका क्षणाची.* पाठीमागून कोणी 'भॉ' केलं आणि आपण दचकलो. हे 'स्टार्टल्ड'. यात खरं तर भीती कमी आणि झटका जास्त. रोजच्या बोलण्यात तुम्ही वळून म्हणाल, 'यू स्केअर्ड मी!' किंवा 'यू गेव्ह मी अ फ्राइट!' बैल किंवा घोडा बुजतो त्याला 'स्पूक' म्हणतात, 'द हॉर्स गॉट स्पूक्ड'. आपण बुजवणाऱ्या बाहुल्याला बुजगावणं म्हणतो. इंग्रज त्यालाच स्केअरक्रो म्हणतो, कावळे बुजवणारा. दोन्ही शेतकऱ्यांनी शब्द एकाच पद्धतीनं घडवला.

*आत्ताची, डोकं फिरवणारी.* पॅनिक. हा शब्द मराठीत रुळलाच आहे, 'पॅनिक होऊ नकोस' आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत मात्र 'होणं' लागत नाही. 'डोन्ट बी पॅनिक' चूक, नुसतं 'डोन्ट पॅनिक'. आणि भूतकाळात लिहिताना सी नंतर एक के घुसवावा लागतो, नाहीतर उच्चार 'पॅनिस्ड' असा झाला असता. शब्द आला ग्रीकांच्या पॅन नावाच्या देवावरून. हा रानात राहणारा, बकऱ्याच्या पायांचा, मेंढपाळांचा देव. निर्जन ठिकाणी अकारण जी घाबरगुंडी उडते, ती तोच उडवतो असं ते मानत. आपल्याकडे चकव्याच्या गोष्टी सांगतात, त्यातलाच प्रकार.

*येणार आहे त्याची.* इथे इंग्रजीकडे भरपूर माल आहे. मुलाखतीआधी पोटात कालवतं ते 'नर्व्हस'. 'आय ॲम नर्व्हस अबाउट द इंटरव्ह्यू.' हा शब्द निरुपद्रवी आहे, कोणासमोरही कबूल करा. 'वरीड' म्हणजे काळजीत. आपण जिथे जिथे 'टेन्शन आलंय' म्हणतो, तिथे दहापैकी आठ वेळा 'आय ॲम वरीड' किंवा 'आय ॲम स्ट्रेस्ड' बसतं. 'आय हॅव टेन्शन' आणि 'डोन्ट टेक टेन्शन' ही वाक्यं पुणे-मुंबईच्या ऑफिसात खपतात, लंडनच्या डॉक्टरसमोर खपत नाहीत. त्याला वाटतं स्नायू आखडलेत.

'अँक्शस' दुधारी आहे. 'अँक्शस अबाउट' म्हणजे चिंतेत. 'अँक्शस टू' म्हणजे एखादी गोष्ट करायला आतुर, बरेचदा थोड्या काळजीसकट. 'आय ॲम अँक्शस टू मीट यू' असं कोणी लिहिलं तर त्याला तुमची भीती वाटत नाही, भेटायची घाई आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आवळणं, गळा दाबणं. आपण 'जीव घुसमटतो' म्हणतो ते आठवा.

आणि मग 'ड्रेड'. हा माझा आवडता. येणारच आहे, टाळता येणार नाही, आणि नकोनकोसं झालंय, अशी जी धास्ती ती ड्रेड. दहावीच्या निकालाची सकाळ. दाताच्या डॉक्टरकडची वेळ. ज्या नातेवाइकाला पैसे परत करायचेत त्याचा फोन. 'आय ॲम ड्रेडिंग द रिझल्ट.' 'आय ड्रेड गोइंग टू द डेंटिस्ट.' वाघ समोर आला तर ड्रेड नाही. वाघ रोज संध्याकाळी त्याच वाटेनं येतो हे माहीत असताना दुपारी चार वाजता जे वाटतं ते ड्रेड. 'विचारच करवत नाही' हे आपण ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात ते 'आय ड्रेड टू थिंक' म्हणतात.

*घडून गेल्यावर उरलेली.* मराठीत यासाठी 'धसका' हा नेमका शब्द आहे. इंग्रजीत तसा एकच शब्द मला सापडलेला नाही, तिथे वाक्य करावं लागतं. लहानपणी विहिरीत पडली, तेव्हापासून तिनं पाण्याचा धसका घेतलाय : 'शी फेल इनटू अ वेल ॲज अ चाइल्ड अँड हॅज बीन टेरिफाइड ऑफ वॉटर एव्हर सिन्स.' ते 'एव्हर सिन्स' म्हणजे आपला धसका.

फोबियाबद्दल थोडं. ग्रीक पुराणात फोबोस आणि डेइमोस हे युद्धदेवाचे दोन मुलगे, भय आणि दहशत. 1877 मध्ये असाफ हॉल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं मंगळाचे दोन चंद्र शोधले, त्यांना हीच नावं मिळाली. फोबिया हा आजाराच्या पातळीवरचा शब्द आहे. बंद जागेचा क्लॉस्ट्रोफोबिया, उंचीचा ॲक्रोफोबिया. पालीची किळस येते म्हणून 'आय हॅव लिझर्ड फोबिया' सांगत सुटू नका, 'आय कान्ट स्टँड लिझर्ड्ज' पुरे. हायड्रोफोबिया तर रेबीजचं लक्षण आहे. रोग्याला पाणी प्यायचा प्रयत्न केला की घशात वेदनादायक आचके येतात. आणि झेनोफोबियासारख्या शब्दांत भीतीपेक्षा परक्यांचा द्वेषच जास्त असतो.

पाचवी पायरी : मात्रा मोजा

चढत्या क्रमानं साधारण असं : अ बिट नर्व्हस, स्केअर्ड, रिअली स्केअर्ड, टेरिफाइड, पेट्रिफाइड. नर्व्हस आणि स्केअर्डला व्हेरी लागतं. टेरिफाइड आधीच वरच्या टोकाला आहे, त्यामुळे 'व्हेरी टेरिफाइड' कानाला खटकतं. तिथे 'ॲब्सोल्यूटली टेरिफाइड' म्हणा. मराठीतही 'खूप गाळण उडाली' आपण म्हणत नाही. गाळण उडाली म्हणजे उडालीच.

पेट्रिफाइडमध्ये पेट्रा आहे, ग्रीक भाषेत खडक. भीतीनं दगड झाला. पेट्रोलियममध्येही हाच खडक आहे, खडकातलं तेल.

हॉरर आणि टेरर यांची गल्लत सगळे करतात. जिन्यावर पावलं वाजतायत आणि दार उघडायचं बाकी आहे, तेव्हाचं टेरर. दार उघडल्यावर जे दिसलं त्यानं हॉरर. म्हणून 'हॉरिफाइड' माणसाला स्वतःच्या जिवाची भीती असेलच असं नाही. सुनेनं देवघरात चप्पल नेलेली पाहून सासूबाई हॉरिफाइड होतात, टेरिफाइड नाही.

या दोन शब्दांची पाळंमुळं आपल्या घरात निघतात, हे मला फार उशिरा कळलं. हॉरर ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ केस उभे राहणं. त्याचा संस्कृतमधला नातलग 'हृष्', ज्यातून आपल्याला हर्ष आणि रोमहर्ष मिळाले. अंगावर काटा त्यांच्याही आला, आपल्याही. त्यांचा भीतीकडे गेला, आपला आनंदाकडे. टेररचा नातलग 'त्रस्', मूळ अर्थ थरथरणं. त्याचा आपण 'त्रास' करून टाकला, आणि आता तो डासांचाही होतो.

सहावी पायरी : चकवे

मराठीत आपण 'भयंकर आवडलं', 'भयानक भूक लागली' म्हणतो, आणि ऐकणारा घाबरत नाही. इंग्रजीनं हेच केलं, फक्त प्रत्येक शब्दाबरोबर वेगळं.

टेरिफिक एके काळी भयावह होता, आता त्याचा अर्थ एकदम झकास. 'देअर वॉज अ टेरिफिक ॲक्सिडेंट' असं लिहिलंत तर काय बहारदार अपघात झाला, असं वाचलं जाईल. तिथे टेरिबल किंवा हॉरिफिक हवा. टेरिबल वाईटच राहिला, पण त्याचं भावंड टेरिब्ली नुसतं 'फार' झालं : 'आय ॲम टेरिब्ली सॉरी.' ऑफुल म्हणजे वाईट, ऑसम म्हणजे भारी, आणि दोघांचं मूळ एकच, 'ऑ'.

या 'ऑ'ला मराठीत बरोबर शब्द आहे, दरारा. नुसती भीती नाही, त्यात आदर आहे, मोठेपणापुढे आपण लहान झाल्याची जाणीव आहे. 'वी वेअर इन ऑ ऑफ हर' म्हणजे आम्हाला त्या बाईंचा दरारा वाटे.

पण धाक? इथे जपून. 'आम्हाला वडिलांचा धाक होता' यात मराठी माणसाला तक्रार ऐकू येत नाही, उलट थोडा अभिमानच असतो. त्याचं 'वी वेअर अफ्रेड ऑफ अवर फादर' केलं, तर परदेशातला शिक्षक किंवा समुपदेशक घरात मारहाण होत होती असं समजेल. 'ही वॉज स्ट्रिक्ट, अँड वी डिडन्ट डेअर डिसओबे हिम' असं सांगा. लांबलं तरी चालेल.

आता माझे ते आजोबा. 'आय ॲम अफ्रेड' वाक्याच्या सुरुवातीला आलं आणि पुढे 'ऑफ' नसेल, तर ते बहुतेकदा सौजन्य असतं. वाईट बातमीवर घातलेली साय. 'आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन टुडे.' 'आय ॲम अफ्रेड वी आर क्लोज्ड.' आपण अशा वेळी 'काय आहे ना…' म्हणून सुरुवात करतो. कोणी विचारलं, गाडी चुकली का? 'आय ॲम अफ्रेड सो.' हो ना, चुकली. तिकीट मिळेल का? 'आय ॲम अफ्रेड नॉट.' ऑफिसच्या मेलमध्ये नकार द्यायचा असेल तेव्हा हे 'आय ॲम अफ्रेड' जिभेवर ठेवाच. मराठी माणसाचं इंग्रजी पुष्कळदा विनाकारण तुटक वाटतं, कारण आपण नम्रपणा सुरात ठेवतो आणि मेलला सूर नसतो.

बातम्या वाचताना 'ट्वेंटी फिअर्ड डेड' दिसेल. तिथे वीस जण घाबरलेले नाहीत, वीस जण दगावल्याची भीती व्यक्त झाली आहे. 'बॉम्ब स्केअर' म्हणजे बॉम्ब असल्याची घबराट, बहुतेकदा नंतर काही न निघालेली. जुन्नरच्या उसात बिबट्या दिसला की मराठी मथळा 'बिबट्याची दहशत' असतो. इंग्रजीत ते 'लेपर्ड स्केअर' करावं किंवा 'व्हिलेजर्स लिव्ह इन फिअर'. टेरर नको. त्या शब्दाला 1793-94 च्या फ्रान्समधल्या गिलोटिनच्या, म्हणजे मुंडकी उडवणाऱ्या यंत्राच्या, काळापासून राजकारणाचा वास लागला आहे. टेररिझम तिथूनच निघाला.

सातवी पायरी : अंगातली भीती

वाक्प्रचार शब्दशः नेऊ नका. सगळ्यात मोठा खड्डा 'कोल्ड फीट'. भीतीनं आपले हातपाय गार पडतात, म्हणून आपल्याला तो ओळखीचा वाटतो. पण 'ही गॉट कोल्ड फीट' म्हणजे त्यानं ऐन वेळी माघार घेतली, लग्नाच्या आदल्या दिवशी घेतात तशी.

घाम फुटला : 'आय ब्रोक आउट इन अ कोल्ड स्वेट.' पांढराफटक पडला : 'ही वेंट ॲज व्हाइट ॲज अ शीट.' छातीत धडधडतंय : 'माय हार्ट इज पाउंडिंग.' हे शेवटचं डॉक्टरकडेही चालतं, म्हणून घोकून ठेवा. अंगावर काटा म्हणजे गूजबम्प्स. आपण रोपटं पाहिलं, त्यांनी पिसं काढलेला गूज पक्षी.

जीव टांगणीला लागला यासाठी 'ऑन टेंटरहुक्स' आहे. टेंटर म्हणजे लोकरीचं कापड ताणून वाळवायची चौकट, आणि तिच्या आकड्यांवर कापड अडकवत. तेही टांगलेलेच.

'उगाच बाऊ करू नकोस' याला सोपं इंग्रजी 'डोन्ट मेक अ बिग डील आउट ऑफ इट.' भित्रा म्हणायचं असेल तर स्वभावाला 'टिमिड' म्हणा. 'कावर्ड' म्हणजे भ्याड, ती शिवी आहे. मुलाचं कौतुकानं 'तो जरा भित्राय' सांगताना कावर्ड वापरलात तर मुलगा बरीच वर्षं लक्षात ठेवील.

आठवी पायरी : प्रत्यक्ष प्रसंग

माझी आई भावाकडे मँचेस्टरला गेली तेव्हा तिला कुत्र्यांचा प्रश्न होता. बागेत मोकळी कुत्री, आणि आईला नखभर पिल्लाचीही धास्ती. आम्ही फोनवर दोन वाक्यं बसवली. पहिलं, 'कुड यू होल्ड युअर डॉग, प्लीज?' दुसरं, 'आय ॲम नर्व्हस अराउंड डॉग्ज.' दुसऱ्यात मुद्दाम स्केअर्ड घेतला नाही. 'नर्व्हस अराउंड'मध्ये कुत्र्यावर आरोप नाही, आपल्या स्वभावाची कबुली आहे, त्यामुळे मालक दुखावत नाही. उत्तर काय येणार तेही शिकवलं : 'ओ, ही इज फ्रेंडली, ही वोन्ट बाइट.' त्यावर 'आय ॲम शुअर, बट प्लीज.' आई हे इतक्या ठसक्यात म्हणू लागली की भाऊ सांगायचा, आता कुत्रीच तिला बघून वाट बदलतात.

तुम्हीही तुमच्या खऱ्या भीत्यांची अशी दोन-दोन वाक्यं बसवा आणि मोठ्यानं म्हणा. एक लिफ्टचं, एक विमानाचं, एक सुईचं. नर्सला 'आय ॲम स्केअर्ड ऑफ नीडल्स' सांगितलं की ती हसत नाही, झोपून घ्यायला सांगते.

दुसऱ्याला धीर देताना 'डोन्ट फिअर' नको, ते नाटकी वाटतं. लहान मुलाला 'डोन्ट बी स्केअर्ड' किंवा 'देअर इज नथिंग टू बी अफ्रेड ऑफ', मोठ्या माणसाला 'इट विल बी ऑल राइट'. 'फिअर नॉट' फक्त देवदूत म्हणतात.

त्यावरून आठवलं. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या तसबिरीखालचं 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' हे वाक्य इंग्रजीत करा, असं मी वर्गाला दरवर्षी सांगते. 'फिअर नॉट' इथे चालतं, बोलणाराच तेवढा मोठा आहे. अडतं ते पुढे. निम्मा वर्ग 'आय ॲम बिहाइंड यू' लिहितो, आणि अंधाऱ्या गल्लीत हे इंग्रजी वाक्य कानावर आलं तर माणूस धूम ठोकेल. पाठीशी म्हणजे 'आय ॲम विथ यू'. गेल्या वर्षी एका रिक्षावाल्या काकांनी मात्र हटून 'बिहाइंड'च ठेवलं. म्हणाले, मॅडम, आमच्याकडे ते रिक्षाच्या मागच्या काचेवरच असतं.